बोलीआधी घराचा हिशेब



आज आम्ही घराबद्दल बोलणार आहोत. नव्या नाही, जुन्या. विकायला किंवा लिलावाला निघालेल्या जुन्या घराची बोली लावण्याआधी त्याच्या दुरुस्तीला किती पैसे लागतील हे कसं काढायचं, एवढाच आजचा विषय. वही-पेन जवळ असेल तर घ्या. हात भाकरीच्या पिठात असतील तर नुसतं ऐका, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना आठवण करून द्या.

आम्ही अकरा जणींचा बचत गट. मिरची-मसाला कांडायचा, शेंगदाण्याची चटणी करायची, पापड लाटायचे, हे आमचं काम. बरीच वर्षं ते एकीच्या पडवीत चाललं. वळवाचा पाऊस आला की वाळत घातलेली मिरची गोळा करत पळायचं. गिरणी ठेवायला जागा नाही, माल ठेवायला जागा नाही. स्वतःची जागा हवी असं सगळ्यांनाच वाटत होतं. नवं बांधण्याएवढे पैसे नव्हते, आणि गावात कुलूप लागलेली घरं तर रोज डोळ्यांसमोर दिसत होती.

तुमच्याकडेही अशी घरं असतील. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या भागातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी, म्हणजे गलाईसाठी देशभर पांगली. साताऱ्याची माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. 1982 च्या संपानंतर काही गावी परतली, काहींची पोरं तिकडंच स्थिरावली. इकडं राहिला वाडा, त्यात कोपऱ्यातले देव आणि दाराला कुलूप. मग एक दिवस भावकी ठरवते की घर काढून टाकू. किंवा कर्ज थकतं आणि बँकेची नोटीस दाराला लागते. आणि आपल्याला वाटतं, अगं, स्वस्तात मिळतंय!

आम्हालाही तसंच वाटलं, आणि आमचे 51,000 रुपये गेले. तीच गोष्ट आधी सांगतो.

घर होतं माळवदाचं, दोन भावांच्या वाटणीतलं. किंमत सात लाख. घेणारे आणखी दोघं होते, त्यामुळं भाव रोज वर चालला होता. आम्ही चौघी जणी घर बघायला गेलो. दगडी जोतं, सागवानी दरवाजा, आत गारवा. आमच्यातली एक म्हणाली, "इथं गिरणी, तिथं मिरचीचे ढीग." बघता बघता आम्ही मनानं त्या घरात राहायलाही गेलो. ओळखीच्या एका मिस्त्रीला विचारलं, दुरुस्तीला किती लागतील? त्यानं उंबऱ्यातूनच वर बघितलं आणि म्हणाला, "दोनेक लाखात होईल की." आम्हाला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्याच दिवशी इसार दिला, इसार-पावती केली. तीन महिन्यांत खरेदी केली नाही तर इसार परत मिळणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका वयस्कर गवंडीमामांना नेलं. त्यांनी शिडी मागितली. हातात फक्त पोती शिवायचा दाभण. तुळई जिथं भिंतीत जाते तिथं त्यांनी दाभण टोचला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतून सगळी वाळवी. बाहेरून रंग लावलेला, आत नुसता भुसा. मग ते माळवदावर चढले. मातीचा थर मोजला, दीड फूट निघाला. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला खारी माती टाकायची पद्धत. जुनी काढायची नाही, नवी वर टाकायची. चाळीस-पन्नास वर्षं थरावर थर.

इथं जरा हिशेब बघा. छप्पर 15 फूट बाय 20 फूट, म्हणजे 300 चौरस फूट. त्यावर दीड फूट माती, म्हणजे 450 घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, हे आपल्याला वाळूवरून माहीत आहे. म्हणजे साडेचार ब्रास माती. एक ब्रास माती साधारण साडेचार टन भरते. सगळं मिळून वीस टन. दोन भरलेले ट्रक त्या पोकळ तुळयांवर उभे होते, आणि आम्ही खाली उभ्या राहून मिरचीचे ढीग कुठं लावायचे ते ठरवत होतो!

मामांनी खर्च सांगितला साडेपाच लाख. दोनाचे साडेपाच झाले. घर घेतलं असतं तर दुरुस्तीला पैसे उरले नसते. आम्ही माघार घेतली आणि इसार बुडाला. प्रत्येकीचे साडेचार हजारांच्या वर. आमच्यातल्या दोघींनी ती गोष्ट घरी कितीतरी दिवस सांगितली नव्हती. त्या मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. त्यानं वर बघून सांगितलं, आम्ही वर बघून ऐकलं.

"आम्हाला बांधकामातलं काय कळतंय?" असं आम्ही त्या वेळी पुष्कळदा म्हणालो. तेव्हा आम्हाला म्हसवडची गोष्ट आठवली. माण तालुक्यात 1997 साली बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्याआधी परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण सभासद बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. चेतना सिन्हा सांगतात की त्या बायका पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढं गेल्या. आम्हाला वाचता येत नाही, पण हिशेब येतो, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, असं त्या म्हणाल्या. परवाना मिळाला. तर मैत्रिणींनो, व्याज तोंडी काढणाऱ्या बायकांना घराची डागडुजी काढता येणार नाही का? येते. फक्त बघायचं कुठं, मोजायचं काय आणि मांडायचं कसं, एवढं शिकावं लागतं.

आता बघायचं कुठं ते सांगतो. घर नेहमी वरून खाली बघायचं. आधी छप्पर, मग लाकूड, मग भिंती, मग जोतं, आणि शेवटी पाणी, वीज, संडास. याचं कारण आहे. वरचं गळतं तेव्हा खालचं सगळं खराब होतं. फरशी आणि रंग बघून भुललो की वरचं राहून जातं.

छप्पर दोन तऱ्हेचं. पूर्वेच्या कोरड्या भागात माळवद. तिथं मातीचा थर दोन-तीन ठिकाणी मोजा, ओलीचे डाग कुठं आहेत ते बघा, आणि खालून तुळई मधे वाकली आहे का ते दोरी ताणून तपासा. पश्चिमेला पाटण, जावळी, वाई, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात उतरती कौलं. तिथं आत उभं राहून वर बघा. उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढी कौलं फुटलेली किंवा सरकलेली. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. किती धड आहेत ते मोजा आणि तेवढी वजा करा. पण कौलं स्वस्त, खालचे वासे महाग. तिरक्या वाशांची खालची टोकं, भिंतीला टेकलेली, आधी कुजतात. शिडी लावल्याशिवाय ती दिसत नाहीत.

लाकडाला दाभण टोचायचाच. खांबाचा पाया, तुळईची टोकं, चौकटीचा खालचा भाग. ठोकून आवाज ऐका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकूड भोपळ्यासारखं. खाली पिवळसर भुसा पडला असेल तर भुंगा लागलेला. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या असतील तर वाळवी.

भिंतीला ओळंबा लावा. पोट आलेलं दिसेल. दगड-मातीच्या जाड भिंतीला आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मधे भर असते. दोन्ही पदर बांधून ठेवणारे लांब आरपार दगड नसतील तर पदर सुटतात आणि भिंत फुगते. ही नुसती खर्चाची गोष्ट नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपात पाटण तालुक्यातली घरं अशीच कोसळली. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत पहाटे हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली. म्हणून माळवदाचं घर घ्यायचं तर वरची माती उतरवून हलकं छप्पर घालण्याचा खर्च धराच. तो टाळायचा खर्च नव्हे.

भेग दिसली तर तिच्यात पाच रुपयांचं नाणं उभं घालून बघा. नाणं आत गेलं, किंवा भेग कोपऱ्यातून तिरकी वर चढली असेल, तर नुसता गिलावा भरून चालणार नाही. पाया बसला असण्याची शक्यता आहे. तिथं जाणकार माणूस नेल्याशिवाय आकडा लिहू नका.

मग ओल. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत गिलावा सुटलेला, पांढरा लोणा धरलेला, म्हणजे जमिनीतून ओल चढते आहे. विक्रेते विकायच्या आधी रंग मारतात. म्हणून जमलं तर घर पावसाळ्यात बघा, नाहीतर शेजारणीला विचारा. शेजारणीला सगळं माहीत असतं.

कृष्णा-वारणाकाठच्या मैत्रिणींनी आणखी एक विचारायचं. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा, कराड, पाटण इथं घर असेल तर पहिला प्रश्न हा, की 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? सांगलीला आयर्विन पुलापाशी तेव्हा पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. 2005 आणि 2021 चाही पूर विचारा. घर निळ्या पूररेषेत आहे की लाल, ते नगरपालिकेत किंवा पाटबंधारे खात्यात विचारा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पांढऱ्या मातीची भिंत दोन-चार दिवस पाण्यात राहिली तर खालून विरघळते. वरून लिंपलेली असली तरी आत काय राहिलंय ते ठोकूनच कळतं.

आता मांडायचं कसं. वहीत चार उभे रकाने आखा. पहिल्यात काम, दुसऱ्यात माप, तिसऱ्यात दर, चौथ्यात रक्कम. "दुरुस्ती, दोन लाख" असं एका ओळीत कधीच लिहायचं नाही. ठोक आकडा म्हणजे अंदाजाचाही अंदाज. मापं टेपनं स्वतः घ्या. साध्या गिलाव्याला शंभर चौरस फुटांना साधारण एक पोतं सिमेंट लागतं. भिंतीची लांबी गुणिले उंची केली की पोती मोजता येतात.

दर तीन ठिकाणांहून घ्या. एक, गावातला गवंडी आणि सुतार. दोन, तालुक्याच्या गावातलं साहित्याचं दुकान. तिसरं, नुकतंच घर दुरुस्त केलेलं कुटुंब. त्यांच्याकडं खऱ्या पावत्या असतात. सरकारी बांधकाम खात्याची दरसूचीही असते, पंचायत समितीतल्या अभियंत्याला विचारलं तर समजावून सांगतात. मजुरी वेगळी लिहा, साहित्य वेगळं लिहा, आणि वाहतूक विसरू नका. विटांचा भट्टीवरचा भाव आणि तुमच्या दारातला भाव यांत फरक असतो. बोळ अरुंद असेल, ट्रॅक्टर आत जात नसेल, तर डोक्यावरून वाहायची मजुरी वेगळी.

आमच्या दुसऱ्या घराचा हिशेब वाचून दाखवतो. हे बँकेच्या लिलावातलं कौलारू घर होतं, 20 फूट बाय 30 फूट. आकडे त्या वेळचे, आमच्या गावचे. तुमचे वेगळे येतील. रीत घ्या, आकडे घेऊ नका.

छपराचं लाकूड, रिपा, कौलं, सुतारकाम, 1,35,000. भिंतींची डागडुजी आणि आतून गिलावा, 85,000. कोब्याची जमीन, 600 चौरस फूट, 80 रुपये दरानं, 48,000. दारं-खिडक्या, 42,000. वायरिंग आणि गिरणीसाठी थ्री फेज जोडणी, 55,000. नळ, संडास, शोषखड्डा, 65,000. राडारोडा काढून टाकणं, 18,000. रंग-चुना, 12,000. बेरीज करा. 4,60,000.

इथं थांबायचं नाही. जुन्या घरात न दिसणारं काहीतरी निघतंच. एक चौकट काढायला गेलं की चार दगड सुटतात. म्हणून वर शंभराला वीस धरायचे. 4,60,000 चे वीस टक्के 92,000. झाले 5,52,000. ही जादाची रक्कम म्हणजे उधळपट्टीची परवानगी नव्हे. ती शिल्लक राहिली तर गटाची.

मग बाकीचे खर्च. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, थकलेली घरपट्टी-पाणीपट्टी, जुनं वीजबिल. आम्ही 75,000 धरले. आणि काम चालू असताना सहा महिने कर्जाचं व्याज, 40,000. घर वापरात येईपर्यंत ते पैसे देतच राहायचे असतात, आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. एकूण आले 6,67,000.

आता उलटं चला. दुरुस्त होऊन उभं राहिल्यावर हे घर किती किमतीचं ठरेल? आम्ही आसपास नुकत्याच झालेल्या तीन खरेद्या विचारल्या. दस्ताची सूची क्रमांक दोन बघितली तर खरेदीचा आकडा दिसतो. रेडीरेकनरचा सरकारी दरही बघितला. आमच्या हिशेबानं घर 14 लाखांचं झालं असतं. 14,00,000 वजा 6,67,000. उरले 7,33,000. म्हणजे आमची बोली जास्तीत जास्त 7,30,000. त्याच्या वर एक रुपया गेला की आम्ही तो स्वतःच्या खिशातून घालणार.

हा आकडा आम्ही गटाच्या वहीत लिहिला, अकरा जणींनी सह्या-अंगठे केले, आणि वही लिलावाला बरोबर नेली.

लिलावाबद्दल चार गोष्टी सांगायला हव्यात. बँका थकलेल्या कर्जापोटी तारण घर विकतात ते बहुधा 2002 च्या सरफेसी कायद्यानं. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. पतसंस्थेची वसुली सहकार कायद्याच्या नियमांनी होते, तिच्या अटी वेगळ्या. म्हणून जाहीर नोटीस शब्दन् शब्द वाचून घ्या. "जशी आहे तशी, जिथं आहे तिथं" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, छप्पर उद्या पडलं तर बँक जबाबदार नाही. नोटिशीत पाहणीची तारीख असते. त्या दिवशी गवंडी घेऊन जाच. बँकेकडं प्रत्यक्ष ताबा आहे की नुसता कागदावरचा, सांकेतिक, तेही विचारा. सांकेतिक असेल तर आत माणसं राहत असू शकतात, आणि त्यांना बाहेर काढण्याचा वेळ आणि खर्च तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

सरफेसीच्या लिलावात बोली आपल्या नावावर थांबली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, शंभरातले पंचवीस भरायचे. बाकीचे विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढं नाही. भरले नाहीत तर भरलेले जातात. म्हणून कर्जमंजुरी आधी, बोली नंतर.

कागद वकिलाकडून तपासून घ्याच. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा. पण तो कराचा कागद, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. ड्रोननं मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेतून मालमत्ता पत्रक मिळतं, ते मागा. तीस वर्षांचा शोध घ्या. आणि भावकीकडून घर घेत असाल तर बहिणींच्या सह्या आहेत का ते बघा. 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बहिणीला डावलून विकलेलं घर घेऊ नका. एक तर दावा लागेल, आणि दुसरं, आपणही कुणाच्या तरी बहिणीच आहोत. राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, 1 एप्रिल 2021 पासून. तुमच्या खरेदीला ती लागू होते का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

बरं, मग लिलावात काय झालं? सरकारी बोली 6,00,000. दहा-दहा हजारांनी चढत गेली. आम्ही 7,20,000 म्हणालो. पलीकडून 7,40,000. आमच्या शेजारी बसलेला एक ओळखीचा माणूस म्हणाला, "अहो ताई, वीस हजारासाठी कुठं सोडता? घर जाईल हातचं." खरं सांगतो, आमचाही जीव वरखाली झाला. आमच्या खजिनदार बाईंनी काही न बोलता वही उघडली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. आम्ही उठलो. अनामत परत मिळाली. येताना एसटीत कुणी फारसं बोललं नाही. घरीही बोलणी बसलीच, "एवढं नाचून गेलात आणि हात हलवत आलात." पण मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्ही हरलो नव्हतो. पहिल्या घराच्या वेळी आमच्याकडं आकडा नव्हता, म्हणून पैसे गेले. या वेळी आकडा होता, म्हणून पैसे राहिले.

तिसरं घर पाच महिन्यांनी मिळालं. दक्षिणेत गलाईला गेलेल्या एका कुटुंबाचं. भाऊ-बहीण सगळे सह्यांना आले. त्याच वहीनं, त्याच रकान्यांनी हिशेब केला. एका दुपारी झाला. दुरुस्ती 3,70,000, वर वीस टक्के 74,000. म्हणजे 4,44,000 पर्यंत तयारी. घर घेतलं 5,25,000 ला. प्रत्यक्षात दुरुस्तीला लागले 4,31,000.

म्हणजे मूळ अंदाज 61,000 नं चुकला. कुठं चुकला तेही सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल. त्यातले 38,000 शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीला गेले. ती भिंत आम्ही आतून बघितली, पलीकडून बघितली नव्हती. पलीकडं मोरीचं पाणी वर्षानुवर्षं मुरत होतं. बाकीचे बारीकसारीक, विटांची वाहतूक दोनदा, जुनी चौकट बसेना म्हणून नवी. पण वरचे वीस टक्के धरले होते, म्हणून कुणाच्या दागिन्याला हात लावावा लागला नाही. 13,000 उरले, ते गटाच्या खात्यावर आहेत.

आज गिरणी तिथं चालते. वळीव आला तरी मिरची आत असते.

जाता जाता एक काम देतो. तुमच्या गावातलं एखादं कुलूपबंद जुनं घर निवडा. घ्यायचं नाही, नुसतं सरावाला. मालकाची परवानगी काढा. चौघी जणी जा. एकीकडं टेप, एकीकडं दाभण, एकीकडं वही, आणि चौथीनं शेजारणीशी बोलायचं. वरून खाली बघा. चार रकान्यांत मांडा, वीस टक्के वर धरा, आणि बेरीज गवंडीमामांना दाखवा. ते दोन-चार चुका दाखवतील. तिथं चुकलात तर एक रुपयाही जात नाही.

आणि खरंच घर घ्यायची वेळ येईल तेव्हा आपला शेवटचा आकडा आदल्या दिवशी वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. लिलावात बोली चढली की वही उघडा. आकडा आला की उठा. घरं पुन्हा येतात, मैत्रिणींनो. बचत पुन्हा करायला वर्षं लागतात.